सोऱ्यातून वाहिलेला चीक

हेमाच्या लग्नाला हेमा सोडून सगळ्यांची संमती होती.

वडिलांची होती, आत्याची होती, भवानीपूर ते बालीगंज पसरलेल्या झाडून साऱ्या मराठी बायकांची होती. शेजारच्या घरातल्या घोषगिन्नींची, म्हणजे घोषबाईंचीसुद्धा होती, आणि त्यांनी तर मुलाचं नावही विचारलं नव्हतं. हेमानं मात्र आपल्या वडिलांना, गजाननरावांना, एकदा चहाच्या वेळी सांगितलं, एकदा बाजारातून येताना सांगितलं, एकदा ते दाढी करत असताना मागं उभं राहून आरशातल्या गजाननरावांना सांगितलं, की बाबा, मला इतक्यात लग्न करायचं नाही, माझं काम अर्ध्यावर आहे. दर वेळी गजाननराव म्हणाले, "बरं, बरं." आता बँकेतल्या माणसाच्या "बरं, बरं"चा अर्थ काय, हे ज्यानं कधी बँकेत अर्ज केलाय त्यालाच विचारावं.

मुलगा पुण्याचा. श्यामकांत नाव, एका कारखान्यात इंजिनिअर. लग्न ठरलं की हेमानं कलकत्त्याची नोकरी सोडायची आणि पुण्याला जायचं, हे ठरून गेलं होतं. फक्त ते हेमाशी कुणी ठरवलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा घरात शब्द चालायचा तो मंदाकिनीआत्याचा. आत्या म्हणजे गजाननरावांची थोरली बहीण. तिच्यापुढे गजाननराव साठीला टेकले तरी "गजा"च होते.

नोकरी तरी कसली, तर टॉलीगंजकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत बुरशी वाढवायची. आत्या हे कुणाला सांगत नसे. कुणी विचारलंच तर "सायन्समध्ये असते" एवढं म्हणून विषय बदलत असे. पण हेमाचा त्या कामावर जीव होता. तागाच्या काडीचा बुडखा साल चिकटून राहिल्यामुळं लाकडासारखा कडक होतो, आणि हावड्याच्या गिरण्यांना तो कापून बाजूला काढावा लागतो. त्या सालीला मऊ करायचं तर झाडाच्या पेशींच्या भिंती सैल करायला हव्यात. या भिंती मोठ्या गमतीच्या असतात. बांधलेल्या असतात साखरेच्याच, पण साखरेचे कण एकमेकांत असे गुंफलेले, की चावणाऱ्याला गोडी कळत नाही, नुसता चोथा लागतो. बुरशीला मात्र ती वीण उसवता येते. तिच्या अंगातून एन्झाइमं पाझरतात, ती एकेक टाका काढत जातात आणि मागं साखर उरते. किती साखर सुटली ते मोजलं की एन्झाइमनं किती काम केलं ते कळतं. म्हणजे हेमा सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत काय करायची, तर साखर मोजायची. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं तिच्या स्वतःच्या ध्यानात राहिलं नाही.

तिच्याजवळची बुरशी काळी कुळकुळीत होती. फोर्ट विल्यममधून कुजलेल्या तंबूचं एक ठिगळ प्रयोगशाळेत तपासायला आलं होतं, त्यावर ही सापडली. फौजेचा तंबू पचवलेली म्हणून हेमाचे वरिष्ठ शरच्चंद्रबाबू तिला "कर्नलसाहेब" म्हणत. कर्नलसाहेब गव्हाच्या कोंड्यावर वाढत, मग तो कोंडा धुऊन, गाळून, वाळवून त्याची पिवळसर पूड करायची. सालीच्या भिंती फोडण्यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकच खोड होती: वाटेत स्टार्च दिसला की साहेब हातातलं काम सोडून त्याच्यावर तुटून पडत. तागात स्टार्च फारसा नसतोच, म्हणून बाबू खोड चालवून घेत.

आता पुण्याकडचं ऐका. इथल्या मराठी मंडळातल्या कालिंदीवहिनी माहेरी पुण्याला जाऊन आल्या आणि येताना मुलाच्या आईचा, प्रेमलताबाईंचा, एक उद्गार पदरात बांधून घेऊन आल्या. "कलकत्त्यात वाढलेल्या मुलीला मासे तळता येत असतील हो, कुरडई कुठली येणार?" असं त्या म्हणाल्या म्हणे. आत्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं निरोप धाडला: चैत्रात या, आमच्या गच्चीवर वाळवणं असतात. मुलगी स्वतःच्या हातानं कुरडया घालील, तुम्ही खुर्ची टाकून बघा.

दरवर्षी चैत्रात मराठी बायका आत्याच्या गच्चीवर जमत आणि पापड-कुरडया घालत. दुपार कलली की कालबैसाखीचं वादळ कधी येईल याचा नेम नसे, म्हणून सगळी घाई सकाळी. हेमानं आजवर त्यात एवढंच केलं होतं, की चीक शिजला की वाटी घेऊन पुढं बसायचं.

"आत्या, मला येत नाही कुरडई," ती म्हणाली.

"त्यात काय यायचंय? गहू मी भिजवते, वाटून गाळून मी देते. तू फक्त चीक शिजवायचास आणि सोऱ्या दाबायचास."

"आणि बिघडला तर?"

"माझ्या गच्चीवर चीक बिघडत नाही," आत्या म्हणाली. "बिघडला तर पुण्याची माणसं उठून जातील आणि मी मंडळात तोंड दाखवायची नाही."

आत्या हे धाक घालायला बोलली. पण पुण्याची माणसं उठून जातील, हे शब्द हेमाच्या कानात गोड घंटेसारखे वाजले. तोंडानं नाही म्हणून झालं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. चीक नाही म्हणाला तर मात्र ते सगळ्यांना ऐकू जाईल. आत्याचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यापुढं आला, आणि तिला वाईटही वाटलं. पण राजीनाम्याचा कागद त्याहून मोठा दिसत होता.

तिनं हिशेब असा केला. चीक म्हणजे काय, तर गव्हाचा स्टार्च. तो पाण्यात शिजला की फुगतो, घट्ट होतो, म्हणून सोऱ्यातून त्याची शेव पडते. कर्नलसाहेबांची चिमूटभर पूड त्यात मिसळली तर स्टार्चचे तुकडे तुकडे होतील आणि चीक घट्ट व्हायचाच नाही. पाण्यासारखा चीक कोण खातं? फेकून द्यावा लागेल. पाहुणे नाकं मुरडतील, परतीची मेलगाडी पकडतील, आणि सोमवारी हेमा आपल्या टेबलाशी. पूड विषारी नव्हती; हेमानं आणि शरच्चंद्रबाबूंनी ती कितीदा तरी जिभेवर घेऊन पाहिली होती. याच गणगोतातल्या बुरशीच्या एन्झाइमनं परदेशात फळांचे रस नितळ करून बाटल्यांत भरतात. आणि कुणी खाणार तर नाहीच. एवढा विचार करून तिनं कर्नलसाहेबांना औषधाच्या पुडीत बांधलं आणि पर्समध्ये टाकून घरी आणलं.

पाहुणे शनिवारी हावड्याला उतरले. प्रेमलताबाई ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायची सवड न देणाऱ्या. गोडाच्या भलत्याच शौकीन. रेशनच्या साखरेला त्यांनी पुणं ते नागपूर नावं ठेवली होती, नागपूर ते हावडा पुन्हा ठेवली असणार. श्यामकांत त्यांच्यामागं दोन पिशव्या घेऊन उभा होता. उंच, चष्मा, आणि तोंडावर भाव असा, की दुसऱ्याच्याच गाडीत चुकून चढलोय. हेमानं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. ज्याला बिघडलेला चीक दाखवून परत पाठवायचंय, त्याच्याकडं बघून काय करायचं?

रविवारी सकाळी गच्ची भरली. एका बाजूला खाटांवर धुतलेली धोतरं अंथरलेली, दुसऱ्या बाजूला कोळशाची चूल, मध्ये खुर्चीत प्रेमलताबाई, डोक्यावर छत्री. पलीकडच्या गच्चीवर घोषगिन्नी आणि त्यांच्या जावा कठड्याला रेलून उभ्या होत्या. आत्यानं रात्रभर निवळत ठेवलेल्या पातेल्यातलं वरचं पाणी ओतून टाकलं होतं आणि खाली पांढराशुभ्र, दह्यासारखा चीक बसला होता. ती हात धुवायला वळली. हेमानं पुडी सोडली, पूड वाटीभर पाण्यात कालवली आणि चिकात ओतून चांगलं ढवळलं. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी हिंग समजलं असतं.

आता एक अडचण होती. चीक शिजवायची रीत अशी, की आधी पाण्याला खळखळून आधण आणायचं आणि मग त्यात चीक ओतायचा. पण उकळत्या पाण्यात एन्झाइम पडलं की जागीच खलास, आणि मग आत्याचा चीक पुन्हा पहिल्यासारखा घट्ट. तेव्हा हेमानं गार पाणी आणि चीक एकत्रच पातेल्यात घातले, मीठ टाकलं आणि पातेलं मंद निखाऱ्यावर चढवलं. चढवलं आणि नुसती ढवळत बसली. बोट बुडवलं तर चटका बसावा पण फोड येऊ नये, इतकंच पाणी तापू द्यायचं, असा तिचा बेत होता.

आत्याचा जीव वरखाली होऊ लागला. "हेमा," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "आधण. आधी आधण आणायचं असतं."

"मंदाकिनीताई, सांगायचं नाही हं," प्रेमलताबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मुलगी आपली आपण करणार असं ठरलंय."

"मी कुठं सांगत्येय?" आत्या म्हणाली आणि पदराचं टोक पिळू लागली. वाळवणं घालून केस पांढरे झाले, त्या बाईच्या डोळ्यांदेखत गार पाण्यात चीक. चोराला सोडून संन्याशाला सुळी दिली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. हेमा निखारे फुलवायचं नाव घेईना; उलट दोन निखारे चिमट्यानं बाहेर काढून ठेवले.

"धीराची आहे हो मुलगी," प्रेमलताबाई कालिंदीवहिनींना म्हणाल्या. "मंद आचेवर करते. आमच्याकडच्या मुली चुलीत पेट्रोल ओततील."

हेमानं ते ऐकलं आणि ढवळायचा हात जरा चुकला. पण चीक घट्ट होऊ लागला होता, त्याची काळजी मोठी होती. पळी जड झाली, पातेल्यात गुठळ्या दिसू लागल्या. आत्याच्या तोंडावर रंग आला. हेमाच्या तोंडावरचा गेला. कर्नलसाहेब ऐन लढाईत झोपले की काय? आणि मग, ढवळता ढवळता, पळी हलकी झाली. गुठळ्या विरल्या. चीक ताकासारखा झाला, ताकाचा पाण्यासारखा झाला, वर जरासा तुपकट तजेला आला. हेमाला हसू आवरेना. ते लपवायला ती खाली वाकली आणि आता एन्झाइमचं काम आटोपलं म्हणून बाहेर काढलेले निखारे परत आत सारून तिनं एक खळखळती उकळी आणली.

"झाला," ती म्हणाली.

सोऱ्यात चीक भरला, हेमानं वर हातही ठेवला नाही, तेवढ्यात खालच्या छिद्रांतून धारा लागल्या. धोतरावर, खाटेवर, खाटेखाली, कालिंदीवहिनींच्या पायावर. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी "ए मा" म्हणालं. कुरडई कुठली, धोतरावर नुसता ओला नकाशा पसरला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या, आणि मंदाकिनीआत्या मटकन पालथ्या टोपलीवर बसली. टोपली मोडली, पण तिला ते कळलं नाही.

हेमानं मान खाली घातली. फार दुःख झाल्यासारखी ती उभी राहिली, आणि प्रेमलताबाई उठून छत्री मिटतील याची वाट पाहू लागली.

प्रेमलताबाई उठल्या. पण छत्री मिटली नाही. त्या पातेल्यापाशी आल्या, पळीच्या टोकाचा ओघळ बोटावर घेतला आणि बोट तोंडात घातलं. मग दुसऱ्यांदा घातलं. मग म्हणाल्या, "वाटी आणा."

हेमाला काही समजेना. प्रेमलताबाईंनी वाटी भरून घेतली, फुंकर मारत मारत संपवली, आणखी घेतली. "अगबाई, हा गोड आहे. साखर घातलीस?"

"नाही," हेमा म्हणाली.

"गूळ?"

"नाही."

"मंदाकिनीताई, चाखून बघा. साखरेचा कण न घालता बासुंदीच्या तोंडात मारेल असा चीक. आणि मिठाची कणी अशी पडलीय की गोडी नुसती खुललीय."

मग वाट्या फिरल्या. कालिंदीवहिनींनी घेतली, बाकीच्यांनी घेतली, कठड्यावरून एक वाटी घोषगिन्नींकडं गेली आणि रिकामी होऊन परत आली. हेमा जागच्या जागी थिजली. स्टार्च म्हणजे साखरेचीच साखळी. ती तोडली की चीक पातळ होतो एवढंच तिनं धरलं. तोडल्यावर तिथं साखर उरते, हे तिला, रोज संध्याकाळपर्यंत साखर मोजणाऱ्या बाईला, सुचू नये? शरच्चंद्रबाबूंना कळलं असतं तर त्यांनी तिला परत शाळेत घातलं असतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी गत. त्यात हे सगळे खातायत. विष नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरीपण फौजेच्या तंबूवरची बुरशी न विचारता माणसांच्या पोटात गेली होती.

प्रेमलताबाई तिसरी वाटी हातात घेऊन गजाननरावांकडं वळल्या. गजाननराव जिन्याच्या तोंडाशी सतरंजीवर बसले होते. "गजाननराव, मुलगी पसंत आहे. कुरडया काय, बाजारात मिळतात. अशी हातची गोडी कुठं मिळायची? आजकालच्या दिवसांत साखरेवाचून गोड करणारी सून म्हणजे घरात लक्ष्मी."

गजाननराव फुलले. "मग या महिन्याअखेर ती राजीनामा देऊन टाकील," ते म्हणाले. "त्याचं काही नाही."

त्याचं काही नाही, हे शब्द हेमाच्या डोक्यात गेले ते आजही गेलेलेच असतील. ती पुढं झाली. "काकू, ती वाटी खाली ठेवा."

"का ग? भरपूर आहे की."

"त्यात बुरशीचा रस आहे."

गच्चीवर ट्रामची घंटा ऐकू आली, एवढं सगळं चिडीचूप झालं. मग हेमानं सगळं सांगितलं. काळी बुरशी, कुजलेला तंबू, कोंडा, पूड, पुडी, मंद निखारे. कालिंदीवहिनी धावत नळावर गेल्या आणि चुळा भरू लागल्या. आत्यानं कपाळाला हात लावला. श्यामकांत आतापर्यंत कोपऱ्यात उभा राहून खात होता, त्यानं वाटीत पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे ही साखर मुळात गव्हाचीच?"

"गव्हाचीच," हेमा म्हणाली.

"बुरशीनं फक्त ती सुटी केली?"

"हो."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यानं राहिलेला चीक संपवला.

प्रेमलताबाईंनी मात्र वाटी खाली ठेवली होती. "विषारी आहे का?"

"नाही, काकू. मी स्वतः खाल्लीय. आणि उकळी आणल्यावर त्यातलं एन्झाइम मरून गेलं."

"मग घातलंस कशाला?"

"चीक बिघडावा म्हणून. कुरडई पडू नये, तुम्ही मला नापसंत करावं, म्हणून."

"आणि गोड झाला तो?"

"ते माझ्या लक्षात आलं नाही," हेमा म्हणाली, आणि साऱ्या कबुलीत लाज वाटली ती तिला फक्त याच वाक्याची.

प्रेमलताबाईंचा आवाज चढला. "लग्न नको होतं तर एवढे उपद्व्याप कशाला? देवानं तोंड दिलंय, तोंडानं सांगायचं."

"सांगितलं होतं, काकू. बाबांना विचारा."

सगळ्यांनी गजाननरावांकडं पाहिलं. "म्हणजे," गजाननराव म्हणाले, "बोलली होती ती मध्ये काहीतरी."

"काहीतरी नाही, बाबा," हेमा म्हणाली. "मला लग्न करायचं नाही, माझं काम अर्ध्यावर आहे, असं म्हटलं होतं. शब्दन् शब्द. पुन्हा पुन्हा. मला तुमचा फार राग आलाय. तोंडानं सांगितलेलं माझ्या घरात कुणाला ऐकू आलं नाही, आणि चीक पातळ झाला तो पलीकडच्या गच्चीवरसुद्धा कळला. आत्या, तुझी मी माफी मागते. तुझा चीक नासवायला नको होता. पण माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं ग."

मोडलेल्या टोपलीवरून आत्याला उठताही येत नव्हतं. पण तिनं धाकट्या भावाकडं असं काही पाहिलं, की गजाननराव साठीचे होते ते सहा वर्षांचे झाले.

आणि मग प्रेमलताबाई सुटल्या. "शाबास, गजाननराव. पोटची पोर नको म्हणते आणि तुम्ही आम्हाला इतक्या लांबून बोलावता? तिला राबवून चीक शिजवायला बसवता? मुलगी म्हणजे काय बँकेतलं खातं आहे, या शाखेतून त्या शाखेत धाडायला? नोकरी सोड म्हणताना तिचं तोंड तरी बघितलंत? मी असते ना, तर माझं मूल काय म्हणतंय ते आधी कान देऊन ऐकलं असतं."

श्यामकांत खाकरला.

"आई," तो म्हणाला, "मीही तुला सांगितलं होतं."

प्रेमलताबाई वळल्या. "काय सांगितलं होतंस?"

"इतक्यात लग्न नको म्हणून. घरी सांगितलं. कल्याणला गाडी बदलताना सांगितलं. मग मेलगाडीत सांगितलं, नागपूरच्या आसपास."

"मग मी काय म्हणाले?"

"संत्री घे म्हणालीस."

प्रेमलताबाईंचं तोंड उघडं राहिलं. बोलायला त्यांना शब्द सापडला नाही असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं, कारण मुलगा चष्मा काढून त्यांच्याकडं काळजीनं बघू लागला. घोषगिन्नींना मराठी येत नव्हतं, पण त्या जावांना हळूच काहीतरी सांगत होत्या, आणि ते बरोबरच असणार. हेमानं श्यामकांतकडं आता कुठं नीट पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. दोन माणसं एकमेकांना नको म्हणायला, त्यातलं एक तर सारा देश ओलांडून, एका गच्चीवर आली होती, आणि दोघांच्याही घरच्यांनी त्यांना त्यासाठी चांगले कपडे घालायला लावले होते.

प्रेमलताबाईंनी छत्री मिटली, खाली ठेवलेली वाटी उचलली आणि जिन्याकडं गेल्या.

"गजाननराव," त्या म्हणाल्या, "जरा सरका."

गजाननराव सरकले. प्रेमलताबाई त्यांच्या शेजारी सतरंजीवर टेकल्या, आणि मुलांचं न ऐकलेले ते दोघं खाली मान घालून बसले.